माथ्यावरचं शून्य

रात्रीचे साडेनऊ. पुण्यात ऑगस्टचा पाऊस लागून राहिलाय. जेवणाच्या टेबलावर बारावीची गणिताची वही उघडी आहे. वही मुलीची, पेन तुमच्या हातात. गणित नेहमीचंच. ४० सेंटिमीटर तार वाकवून आयत करायचा, क्षेत्रफळ जास्तीत जास्त हवं. पंचवीस वर्षांपूर्वी घोटलेली रीत हात विसरलेला नाही: समीकरण मांडा, डिफरन्शिएट करा, शून्याशी बरोबर मांडा, क्ष काढा. उत्तर येतं १०. म्हणजे चौरस.

"ते कळलं. पण शून्याशीच का?"

तुम्ही तोंड उघडता आणि मिटता. सरांनी सांगितलं होतं म्हणून. पेपरात हमखास यायचं म्हणून. याच्या पलीकडे आपल्याकडे उत्तर नाही, हे तुम्हाला आज पहिल्यांदा कळतं. वेळ काढायला तुम्ही वहीच्या समासात एक डोंगर काढता. पेनाचं टोक चढत चढत माथ्यावर टेकतं, आणि वीज जाते.

डोळे अंधाराला सरावतात तेव्हा टेबल नसतं.

* * *

पायांखाली चिखल आहे, समोर काळाकभिन्न डोंगर, आणि ओल्या लाकडांच्या धुराचा वास. हे पाटण, आजच्या चाळीसगावच्या दक्षिणेला, डोंगररांगेच्या अगदी पायथ्याशी. साल १२०७, श्रावणी पौर्णिमा. पेन तेवढं तुमच्या हातात राहिलंय.

गावात गडबड आहे. चांगदेव नावाच्या ज्योतिष्यांनी इथे मठ उभा केलाय. वाघावर बसून ज्ञानेश्वरांना भेटायला गेले ते चांगदेव निराळे. हे देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरचे. मठात शिकवायचे ते त्यांच्या आजोबांचे ग्रंथ, आणि आजोबा म्हणजे भास्कराचार्य. निकुंभ घराण्यातला सोइदेव आज या मठाला दान देणार आहे. हातावर पाणी सोडून, सगळ्यांदेखत, आणि तेही चंद्रग्रहण लागलेलं असताना. पुढे हे सारं दगडावर कोरलं जाईल. लेख संस्कृतात असेल, पण मठाच्या उत्पन्नाचा हिशेब सांगणाऱ्या शेवटच्या ओळी चक्क मराठीत.

ग्रहणात दान द्यायचं तर ग्रहण कधी लागणार, हे आधी ठाऊक हवं. सगळा घोळ त्या 'कधी'चा आहे.

ओसरीवर एक मुलगा धूळपाटीपुढे बसलाय, तुमच्या मुलीएवढाच. बोटाने धुळीत आकडे लिहितो, पुसतो, पुन्हा लिहितो. शेजारी पाण्याच्या भांड्यात तळाला बारीक भोक पाडलेली वाटी तरंगतेय. ते घटिकापात्र. वाटी भरून बुडाली की एक घटका झाली, आपली २४ मिनिटं.

"चंद्राची चाल केवढी धरू?" तो मान वर न करता विचारतो.

"रोजची असेल ती," तुम्ही म्हणता.

"कुठल्या रोजची?"

इथे तुम्ही गप्प. चंद्र दिवसाला ७९० कला ३५ विकला सरकतो, म्हणजे १३ अंशांहून थोडा अधिक. पण ही झाली सरासरी. कधी तो १२ अंशांच्या आसपास रेंगाळतो, कधी १५ अंशांच्या जवळपास धावतो. समजा, पृथ्वीच्या सावलीच्या मध्यापासून तो आत्ता ६ अंश मागे आहे. सावलीही सूर्याच्या चालीने दिवसाला अंशभर पुढे सरकत असते. चंद्र १२ च्या चालीवर असेल तर सावलीशी असलेलं अंतर दिवसाला ११ अंशांनी तुटेल आणि गाठायला १३ तास लागतील. १५ च्या चालीवर असेल तर १४ अंशांनी तुटेल आणि सव्वादहा तासांत काम होईल. फरक सात घटकांचा. तोवर सोइदेवाने हातात पाणी धरून बसायचं की काय?

म्हणूनच भास्कराचार्यांनी ११५० साली 'सिद्धान्तशिरोमणी'त एक शब्द वापरला: तात्कालिक गती. कालपासून आजपर्यंतची चाल नव्हे, या घडीची चाल. चंद्राची चाल मोठी आणि क्षणोक्षणी बदलणारी, तेव्हा त्याच्यासाठी हीच घ्यावी, असं त्यांनी स्वतःच सांगून ठेवलंय.

पण या घडीची चाल काढायची कशी? घडी जितकी लहान करावी तितकं सरकणंही लहान होत जातं. क्षणात तर काहीच सरकत नाही. तुम्ही हे विचारणार तेवढ्यात मुलगा पाठ म्हणायला लागतो. ज्यांचे फरक. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. आपण साइन म्हणतो ती हीच. वर्तुळाची त्रिज्या ३४३८ धरायची, पाव वर्तुळाचे २४ सारखे भाग करायचे आणि दर पायरीला ज्या कितीने वाढली ते तोंडपाठ ठेवायचं. २२५, २२४, २२२, २१९, २१५... पाढ्यासारखा आवाज हेलकावत जातो. ...७९, ६५, ५१, ३७, २२, ७.

"सात. पुढे?"

तो बोटाने धुळीत कमान काढतो आणि तिच्या डोक्यावर बोट ठेवतो. पुढे माथा.

तुम्हाला जत्रेतला मोठा पाळणा आठवतो. तो फिरतो एकाच वेगाने, पण तुमची उंची सारख्या वेगाने वाढत नाही. तुमची बैठक मधल्या आसाच्या उंचीला येते तेव्हा पोटात गोळा उठतो, कारण तुम्ही सरळ वर फेकले जात असता. अगदी वर पोचलात की पाळणा तुम्हाला फक्त पुढे नेतो. वर नेत नाही, खाली आणत नाही. २२५ पासून निघालेले फरक ७ वर येतात ते म्हणूनच. भास्कराचार्यांनी हे फरक चोवीस पायऱ्यांपुरते न ठेवता मधल्या कुठल्याही जागी काढायची रीत दिली: ज्येतली वाढ ही कोज्येच्या प्रमाणात. तुमच्या मुलीच्या पुस्तकात तेच 'साइनचं डिफरन्शिएशन कोसाइन' म्हणून येतं, फक्त पाळण्याशिवाय.

आणखी एक गोष्ट त्यांनी टिपली होती. प्रत्यक्ष ग्रह हा सरासरी चालीने जाणाऱ्या मानलेल्या ग्रहाच्या कधी पुढे असतो, कधी मागे. वारीत दोघे चालताहेत असं धरा. एक एकाच चालीचा. दुसरा लहरी, कधी झपझप, कधी रमतगमत. लहरी पुढे निघतो, दोघांतलं अंतर वाढत जातं. ते सर्वांत जास्त कधी होईल? लहरी सर्वांत वेगात असतो तेव्हा? नाही, तेव्हा ते भराभर वाढत असतं, म्हणजे अजून वाढायचं शिल्लक आहे. तो हळू होत होत पहिल्याच्या चालीवर येतो, त्या घडीला अंतर सर्वांत जास्त. त्यानंतर ते घटायला लागतं. पुढची आघाडी जिथे सर्वाधिक, तिथे दोन चालींतला फरक काहीच नाही.

समासातला डोंगर तुमच्या डोळ्यांपुढे येतो. पण उत्तर हाताशी आलंय असं वाटेपर्यंत वाटी बुडते, मठात हाकाटी होते, ढगांत फट पडते. पौर्णिमेच्या चंद्राची एक कड खाल्ल्यासारखी दिसतेय. मुलगा सगळ्यात आधी वर बघत नाही. आधी वाट्या मोजतो.

* * *

कोणीतरी वाटी उपसून पुन्हा पाण्यावर ठेवतं, पण ते पाणी आता निळा नदीचं आहे. केरळ, १५३० च्या सुमारास. माडांच्या सावलीत ताडपत्रावर लोखंडी लेखणी खरखरतेय. ज्येष्ठदेव 'युक्तिभाषा' लिहिताहेत. संस्कृत श्लोकांत नव्हे, मल्याळम गद्यात. आणि नुसते नियम नव्हे, ते का खरे हेही सांगत. शून्याशीच का, असं विचारणाऱ्या मुलीने इथेच जन्म घ्यायला हवा होता, असं तुम्हाला वाटून जातं.

इथला प्रश्न पाटणच्या उलटा आहे. तिथे वाहत्या चालीतून एक घडी वेगळी काढायची होती. इथे बारीक बारीक तुकडे जोडून एकूण किती ते हवंय: कंसाची लांबी, वर्तुळाचा परीघ. वाकडी रेघ मोजायला पट्टी नसते, पण तिचा पुरेसा लहान तुकडा जवळजवळ सरळ असतो. प्रश्न उरतो तो बेरजेचा, कारण तुकडे होतात असंख्य.

बेरजेला इथे संकलित म्हणतात. साधीच घ्या: १, २, ३ अशी १० पर्यंत. येते ५५. दहाच्या वर्गाची निमपट ५०. आता १०० पर्यंत: ५०५०, आणि निमपट ५०००. हजारापर्यंत: ५,००,५००, आणि निमपट ५,००,०००. चूक दहा टक्के होती, एक टक्का झाली, एक दशांश टक्क्यावर आली. चित्र काढलंत तर हा जिना आहे. पायऱ्या बारीक करत गेलात की जिना त्याच्या उतारासारखा दिसू लागतो आणि त्याचं क्षेत्रफळ त्रिकोणाच्या क्षेत्रफळाला जाऊन भिडतं. वर्गांची बेरीज केलीत तर अशीच घनाच्या तिसऱ्या हिश्शाला भिडते, घनांची केलीत तर चौथ्या घाताच्या पावपटीला. पुस्तकात 'इंटिग्रेशनची सूत्रं' म्हणून जी चौकट आहे, तिच्या पहिल्या ओळी या माडांखाली तयार होताहेत. शंभरेक वर्षांपूर्वी संगमग्रामच्या माधवाने जी वाट दाखवली, तिच्यावरून चालत इथली मंडळी परिघाच्या मालिकेपर्यंत पोचलीत: १ वजा एक तृतीयांश, अधिक एक पंचमांश, वजा एक सप्तमांश, असं न संपता, आणि उत्तर पायच्या चौथ्या हिश्शाएवढं.

'लिमिट' या शब्दाने अकरावीत तुमच्या पोटात खड्डा पडला होता. इथे बसल्यावर तो साधा व्यवहार वाटतो. चूक केवढी चालेल ते तुम्ही बोला; पायऱ्या किती बारीक करायच्या ते मी बोलतो. कितीही कमी बोललात तरी मी पुरा पडतो. बस, एवढंच.

* * *

लेखणीची खरखर थांबते आणि नाकात आंबूस-गोड वास शिरतो. हवा एकदम गार झालीय. डॅन्यूबच्या काठावरचं लिन्झ, १६१३ च्या शरदाची अखेर. यंदा द्राक्षं उदंड आलीत. नावांतून उतरवलेली दारूची पिंपं काठाने रचून ठेवलीत.

ज्यांच्या अंगणात तुम्ही उभे आहात ते योहानेस केप्लर, बादशहाचे गणिती. ग्रह वर्तुळात फिरत नाहीत, लंबवर्तुळात फिरतात, हे त्यांनी चार वर्षांपूर्वी छापून टाकलंय. पहिली बायको दोन वर्षांमागे गेली. आता सुझानाशी नुकतंच लग्न झालंय आणि नव्या संसारासाठी घरात दारू भरायची आहे.

विक्रेता एक मोजपट्टीची काठी घेऊन येतो. आडव्या पिंपाच्या पोटावर मधोमध बूच असतं. तो बूच काढतो, काठी तिरकी आत घालतो, समोरच्या तळाच्या कोपऱ्याला टेकवतो, ओला झालेला आकडा वाचतो आणि भाव सांगतो. पुढच्या पिंपाकडे. तीच काठी, तीच रीत. पिंप लांबुडकं आहे की बुटकं, याची चौकशी नाही.

केप्लर यांच्या कपाळावर आठी पडते. तुमच्याही, कारण तुमच्या हातात अजून पेन आहे.

पिंपाचा फुगवटा सोडून द्या. सरळ नळकांडं धरा, आणि काठी दर वेळी १०० सेंटिमीटरच ओली होते असं धरा. पिंप ६० सेंटिमीटर लांब असेल तर त्यात ४२९ लिटर मावतील. १८० लांब असेल तर २६९ च. मधेच कुठेतरी ६०० च्या वर जातात. काठीचा आकडा एकच आणि भाव एकच! विक्रेता लबाड असता तर सडपातळ पिंपं विकून माडी बांधता.

पण ऑस्ट्रियाचे पिंपकार लबाड नाहीत, असं हिशेबातून निघतं. लांबी थोडी थोडी वाढवत बघा. १०० ला ५८९.० लिटर. १०५ ला ५९७.४. ११० ला ६०२.६. ११५ ला ६०४.६. १२० ला ६०३.२. आकडे नका बघू, फरक बघा: ८.४, ५.२, २.०, आणि मग उणे १.४. तुमच्या अंगावर काटा येतो. २२५ पासून ७ पर्यंत उतरणारा तो पाठ तुम्ही ओसरीवर ऐकलाय. इथे दारू आहे, तिथे चंद्र होता, पण चढणारी कुठलीही गोष्ट माथ्याला याच पावलांनी पोचते. पावलं आखूड होत जातात, एक पाऊल शून्याचं पडतं, आणि पुढचं खाली.

माथा ११५ आणि ११६ च्या मधे आहे. तिथे पिंपाची लांबी व्यासाच्या १.४१ पट पडते, म्हणजे दोनच्या वर्गमुळाएवढी. ऑस्ट्रियातले पिंपकार परंपरेने जे प्रमाण धरत आलेत ते याच्या अगदी जवळचं आहे. आणि अगदी जवळचं असणंच पुरे. पाच सेंटिमीटर इकडेतिकडे झालं तरी ६०५ लिटरांत एखाद-दोन लिटरांचा फरक. माथ्यापाशी जमीन सपाट असते, म्हणून तिथे हात चुकला तरी फारसं काही सांडत नाही. केप्लर यांच्या लक्षात येते ती नेमकी हीच गोष्ट: सर्वाधिकाच्या आजूबाजूला सुरुवातीची घट जाणवेल एवढीही नसते.

१६१५ साली लिन्झमध्येच त्यांचं दारूच्या पिंपांच्या घनफळावरचं पुस्तक छापून निघतं. त्यात पिंपाचे पातळ पातळ काप कल्पून घनफळं काढलेली आहेत. केरळचा जिना आणि पाटणची कमान एकाच पिंपात उतरलीत, फक्त पिंपाच्या मालकाला दोन्ही ठाऊक नाहीत. विक्रेत्याने मात्र लग्नाच्या दारूचा भाव कमी केल्याचं तुम्हाला काही दिसत नाही.

* * *

पिंपावर ठेवलेला दिवा मेणबत्ती होतो. पॅरिस, नोव्हेंबर १६७५. एकोणतीस वर्षांचे लाइबनिझ कागदावर वाकलेत. दोनेक आठवड्यांपूर्वी, २९ ऑक्टोबरला, त्यांनी बेरजेसाठी नवं चिन्ह काढलं: 'सुम्मा'तला एस, वर-खाली ताणून लांब केलेला. फरकासाठी नुसतं डी. तुमच्या मुलीच्या वहीत दोन्ही आज जशीच्या तशी आहेत.

इंग्लंडात न्यूटन यांनी हीच विद्या दहा वर्षांपूर्वी, प्लेगमुळे केंब्रिज बंद असताना, गावाकडच्या घरी बसून हाती आणलीय. पण छापलेली नाही. आधी कोण यावर पुढे दोन्हीकडचे लोक आयुष्यभर भांडतील. ते भांडण तुमच्या कामाचं नाही. तुम्ही कागदाकडे बघा.

तारीख ११. लाइबनिझ एका साध्या शंकेपाशी अडलेत. क्ष गुणिले य, या गुणाकाराचा फरक म्हणजे क्षचा फरक गुणिले यचा फरक, असं असेल का? तुम्हाला हसू फुटतं. हीच चूक तुम्ही अकरावीच्या पहिल्या चाचणीत केली होती आणि सरांनी वही वर्गाला दाखवली होती. लाइबनिझ एक उदाहरण घालून बघतात, पटत नाही, आणि कल्पना सोडून देतात. खरा नियम त्यांना मागाहून मिळतो.

तो चित्रात उघड आहे. आयताकृती शेत घ्या. रुंदी क्ष, लांबी य. बांध दोन्हीकडून थोडा थोडा बाहेर सरकवा. जमीन वाढली ती तीन तुकड्यांनी: लांबीच्या कडेने एक पट्टी, रुंदीच्या कडेने एक पट्टी, आणि कोपऱ्यात एक चिमुकला चौकोन. दोन फरकांचा गुणाकार म्हणजे फक्त तो कोपरा! तुम्ही चाचणीत दोन्ही पट्ट्या शेजाऱ्याला सोडून कोपऱ्यावर दावा सांगितला होता. बांध जितका कमी सरकवाल तितका कोपरा पट्ट्यांपुढे नगण्य होतो. शेवटी हिशेबात राहतात त्या पट्ट्या.

आणि आता, ३५० वर्षं मागे पॅरिसमध्ये उभं राहून, तुम्हाला टेबलावरचं गणित आठवतं. तारेची लांबी पक्की आहे. म्हणजे रुंदी जेवढी वाढवाल तेवढीच लांबी कापली जाणार. एक पट्टी मिळते, एक जाते. आयत ९ बाय ११ असेल तर रुंदी किंचित वाढवल्यावर मिळणारी पट्टी ११ लांबीची आणि जाणारी ९ लांबीची. सौदा फायद्याचा, चालू ठेवा. १० बाय १० झालं की मिळणारी आणि जाणारी सारखीच. पुढे गेलात तर तोटा. ९९ चे १०० झाले, आणि ते १०० तिथेच थांबले, कारण आता देणं आणि घेणं फिटलं. वारीतल्या दोघांची चाल सारखी झाली होती तसं.

निघताना एकच गोष्ट पाहून घ्या. पॅरिसला आल्यावर लाइबनिझना हायगेन्स यांनी अपूर्णांकांच्या एका न संपणाऱ्या बेरजेचं कोडं घातलं होतं, आणि त्यांनी ते सोडवलं फरकांच्या वाटेने. फरक ओळीने बेरजेला घेतले की मूळ गोष्ट परत मिळते. पाटणच्या मुलाचे चोवीसही फरक जोडून बघा, २२५ पासून ७ पर्यंत: ३४३८. अख्खी त्रिज्या. तात्कालिक गती आणि संकलित, कमान आणि जिना, या एकाच दाराच्या दोन बाजू आहेत. लांब एस आणि डी ही त्या दाराची कडी आणि कोयंडा. १६८४ साली लाइबनिझ यातली डीची बाजू छापतील तेव्हा लेखाच्या नावातच सर्वाधिक आणि सर्वांत कमी किमती काढायच्या नव्या रीतीचा उल्लेख असेल. मेणबत्ती फडफडते.

* * *

आणि वीज येते.

वही तिथेच. मुलगी तिथेच, तिच्या मोबाइलचा टॉर्च चालू. गेली असेल दहा मिनिटं. तिच्या स्क्रीनवर सोसायटीच्या ग्रुपवरचा निरोप झळकतो: खडकवासल्यातून विसर्ग वाढवला, नदीपात्रातल्या रस्त्यावरून गाड्या काढा, भिडे पूल पाण्याखाली जाईल.

तुम्ही वही तिच्याकडे सरकवता. "हे गणित राहू दे. धरणाचं करू."

पेपरात रोज दोन शब्द येतात, क्युसेक आणि टीएमसी. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, ती चाल. टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, तो साठा. धरणात ११,५७४ क्युसेकने पाणी दिवसभर साठत राहिलं की एक टीएमसी होतं. करून बघ: दिवसाचे सेकंद ८६,४००. आणि खडकवासल्यात मावतं दोन टीएमसीच्या आतच. म्हणून तिथे पाणी धरून ठेवता येत नाही, सोडावं लागतं. पण येवा, म्हणजे धरणात येणारं पाणी, दिवसभर सारखा थोडाच राहतो? घाटात सर आली की वाढतो, उघडलं की उतरतो. मग तासातासाचा येवा घे, त्याला ३,६०० ने गुण आणि बेरीज कर. अजून अचूक हवं तर पंधरा मिनिटांचा घे. पायऱ्या बारीक केल्या, एवढंच. हे झालं इंटिग्रेशन.

ती मान डोलावते, पण तिचा प्रश्न ती विसरलेली नाही.

"आता सांग," तुम्ही म्हणता, "धरणाची पातळी सर्वांत वर कधी असेल?"

"सर्वांत जोराचा पाऊस असेल तेव्हा."

तुम्ही हसता, वारीतल्या लहरी माणसाबद्दल तुम्हीही आधी असंच म्हणाला असतात. "तेव्हा ती सर्वांत भराभर वाढत असेल. जी अजून वाढतेय, ती सर्वांत वर कशी? पाऊस ओसरायला लागला तरी जोवर येवा विसर्गापेक्षा जास्त आहे, तोवर पातळी चढतच राहणार. म्हणून पाऊस थांबल्यावर नदीकाठच्यांनी लगेच खाली येऊन सामान लावायचं नसतं. येवा उतरत उतरत विसर्गाइतका झाला..."

"...की थांबेल."

"येवा वजा विसर्ग?"

"शून्य." मग ती थोडी थांबते आणि वहीतल्या त्या ओळीकडे बघते. "म्हणजे हे शून्य आपण मांडत नाही. ते तिथे असतंच. आपण फक्त ते कुठे आहे ते शोधतो."

तुम्ही काहीच बोलत नाही. पाटण, निळाकाठ, लिन्झ, पॅरिस एवढी पायपीट करून तुम्ही जे आणलंत, ते तिने दोन वाक्यांत बांधून घेतलं. समासातल्या डोंगराच्या माथ्यावर ती एक छोटी आडवी रेघ काढते, डोंगराला टेकलेली, कुठेच न कललेली.

मग तिचं पेन डोंगरावरून खाली उतरतं आणि पलीकडे दरी काढतं. दरीच्या तळाशी तशीच एक आडवी रेघ.

"पण जूनमध्ये धरण अगदी तळाला जातं आणि मग भरायला लागतं. तिथेही एकदा येणारं-जाणारं पाणी सारखं झालं असेलच की. म्हणजे शून्य तिथेही येणार. मग उत्तर आलं ते माथ्याचं की तळाचं, कसं ओळखायचं?"

तुम्ही पिंपांचे आकडे मनात चाळता. ८.४, ५.२, २.०, उणे १.४. फरक घटत होते. फरकांचेही फरक असतात... तुम्ही आशेने वर दिव्याकडे बघता. तो लख्ख जळतोय, जायची काही चिन्हं नाहीत. या वेळी इथे बसूनच सांगावं लागणार.